दुसऱ्या बेसवरचा हिवाळा

नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी एसी बंद करायचा दिवस येतो. कुवेतमध्ये ऋतू बदलल्याची खूण आभाळात शोधायची नसते, भिंतीवरच्या त्या डब्यात शोधायची. सहा-सात महिने अखंड चाललेली घरघर थांबली की स्वतःचंच घर अनोळखी वाटायला लागतं. खालच्या बकाल्याचा, म्हणजे किराणा दुकानाचा, दुकानदार शटर वर ढकलतो ते ऐकू येतं, समोरच्या गच्चीतली कबुतरं ऐकू येतात, शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्याही मोजता येतात. यंदा तो दिवस आला तेव्हा मी खिडकी उघडून उभा होतो. हवा गार होती आणि तिला धुळीचा जुनाच वास होता. मागे हॉलमधून धप्प, धप्प असा आवाज येत होता. माझी बायको मनीषा हातातल्या ग्लोव्हमध्ये बेसबॉलचा चेंडू आपटत होती.

आमच्या घरात बेसबॉल हा शब्द दोन वर्षांपूर्वीपर्यंत कुणी उच्चारला नव्हता. मी नाशिकचा, रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटचं काम करणारा, आणि माझी खेळाची मजल कॅरमच्या पुढे कधी गेली नाही. मनीषा धाराशिवची. तिथल्या मुली चालायला लागायच्या आधी खो-खो खेळतात असं तिचे वडील सांगायचे. ती शाळेत खेळली, कॉलेजात खेळली, जिल्ह्याकडून खेळली, राज्याच्या निवडीपर्यंत पोचली. मग माझं स्थळ आलं. लग्नानंतर तिला एकदाच जोरात पळताना मी पाहिलं, आमच्या ईराची स्कूलबस सुटत होती तेव्हा. स्लिपर हातात घेऊन तिनं रिग्गईच्या गल्लीतून ती बस गाठली होती. ड्रायव्हरनं आरशात बघून ब्रेक दाबला आणि बराच वेळ तोंडाचा आ मिटला नाही. मी गॅलरीतून बघत होतो. त्या दिवशी ऑफिसात मी दोघातिघांना तो किस्सा सांगितला. ती मात्र घरी येऊन पोळ्या लाटत बसली.

बेसबॉल आमच्यात आणला काळेसाहेबांनी. ते पुण्याचे, सेफ्टीत मोठ्या हुद्द्यावर, मंगफला राहणारे, आणि शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळल्याचा दावा करणारे. इथे शुक्रवारी सकाळी फिलिपिनो मंडळींचे सामने चालतात. हॉस्पिटलातल्या नर्सेस, दुकानांतले सेल्समन, गॅरेजमधले मेकॅनिक, सगळे मिळून. त्यांनी बाहेरच्या टीमही बोलावल्या, आणि काळ्यांनी आपल्या मंडळात जाहीर केलं की मराठी माणूस याही खेळात मागे राहता कामा नये. बायका-पुरुष एकत्र खेळले तरी चालतं, असा तिथला नियम होता. आठ पुरुष जमले. नववं माणूस मिळेना.

नववं माणूस दिलावरभाईंनी सुचवलं. दिलावरभाई श्रीवर्धनकडचे, अम्गऱ्यात त्यांचं बांधकामाच्या मालाचं दुकान आहे. आमच्या टीमचे चेंडू टाकणारे तेच. मैदानावरच्या बेससुद्धा त्यांच्याच. भंगारातला जाड रबरी पट्टा कापून त्यांनी चारही चौकोन केले होते. सरावाच्या दिवशी मनीषा चहाचा थर्मास घेऊन आली होती. लांब गेलेला एक चेंडू तिच्या दिशेनं आला. तिनं थर्मास खाली ठेवला, पळत जाऊन एका हातानं चेंडू उचलला आणि ज्याला द्यायचा त्याच्या छातीवर नेमका दिला. दिलावरभाई माझ्याकडे बघून म्हणाले की नवव्या माणसाला तुम्ही घरी चहा करायला लावता काय.

अशी तिची कारकीर्द सुरू झाली. वय एक्केचाळीस, पायात ईराचे जुने बूट, डोक्यावर माझी कंपनीची टोपी. तिला दुसऱ्या बेसवर उभं केलं. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. चेंडू मारणाऱ्यानं एकेक बेस गाठत फिरून पुन्हा मूळ जागी, म्हणजे घरी यायचं, की एक धाव. दुसऱ्या बेसजवळ उभं राहणाऱ्याला दोन्ही बाजूंना सारखं सरकावं लागतं, खाली वाकावं लागतं, चेंडू हातात यायच्या आधीच तो कुणाला द्यायचा हे ठरवावं लागतं. मैदानावर सगळ्यांत कमी ओरडणारी आणि सगळ्यांत जास्त हलणारी ती जागा. घरात तिची जागा बरीचशी तीच होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आणि तिची बॅट. आमचे सगळे पुरुष बॅट अशी फिरवत, जणू चेंडू समुद्रापार धाडायचाय. दहापैकी सात वेळा हवाच कापली जायची. मनीषा बॅट थोडी वर धरायची आणि चेंडूला नुसती लावायची. पोळी उलथताना उलथनं लावतात तसं. चेंडू पहिल्या बेसवाल्याच्या डोक्यावरून जेमतेम जायचा आणि वाळूत पडायचा. इथलं मैदान म्हणजे हिरवळ नव्हे, पाणी मारून दाबलेली वाळू. चेंडू पडला की तिथंच रुततो, घरंगळत नाही. तो उचलायला कुणी धावत येईपर्यंत मनीषा पहिली बेस ओलांडून पुढे बघत असायची.

पहिल्या दोन सामन्यांत आमच्यातले काही हसले. टुकटुक म्हणाले. काळेसाहेबांनीही, वहिनी, जरा मोठा मारा की, असं सुचवलं. दिलावरभाई तेवढे डोकं हलवून म्हणाले, "भाभीला रेती कळलीय. बाकी सगळे आभाळ मारतायत."

त्या हिवाळ्याच्या सकाळी मला अजून स्वच्छ आठवतात. सहाला उठायचं. पहाटेच्या फजरच्या नमाजाहून परतणारी माणसं, हातात गरम खुबुसची, म्हणजे इथल्या रोट्यांची, पिशवी. मैदानावर पाण्याची टाकी रिती करून वाळू दाबायची, पांढऱ्या पावडरीनं रेघा मारायच्या. जुम्म्याच्या नमाजाआधी सगळं आटपायचं, कारण दिलावरभाई आणि त्यांच्यासारखे बरेच जण अकरा वाजले की निघणार. गाडीच्या टपावर कागदी कपांतला दाट चहा, फलाफलच्या सँडविचचा तेलकट वास, आणि कडेला घडीच्या खुर्चीत स्कोअरबुक मांडीवर घेऊन मी. खेळता येत नाही म्हणून मला लिहायला बसवलं होतं. मनीषाच्या नावापुढची चौकट भरताना माझी पेन्सिल जरा जास्तच दाबली जायची. नवऱ्यानं बायकोचं कौतुक चारचौघांत करू नये हे आमच्या घरातलं वळण, त्यामुळे मी ते पेन्सिलीवर भागवत होतो.

तिचा एकच दोष होता, आणि तो दोष धाराशिवहून आलेला. खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की माघारी फिरायचं नसतं. खांबापर्यंत जायचं, मगच वळायचं. मध्येच खांदा फिरला की फाऊल. दहा-बारा वर्षं हे अंगात मुरलेलं. बेसबॉलमध्ये उलटं आहे. मारलेला उंच चेंडू समोरच्यानं झेलला, तर धावणाऱ्यानं आधीच्या बेसला पाय लावून मगच पुढे जायचं असतं. बेस सोडून पुढे गेला असशील तर माघारी ये. तू यायच्या आत चेंडू त्या बेसवर पोचला, तर तूही बाद. मनीषाला माघारी फिरताच येईना. चेंडू हवेत असतानाच ती सुटायची, आणि झेल झाला तरी पावलं पुढेच पडत. आम्ही सगळे ओरडायचो, ती ऐकायची, तिचा चेहरा मागे वळायचा आणि पाय पुढेच जायचे. डिसेंबरात एक सामना आम्ही निव्वळ त्यामुळे हरलो. परत येताना गाडीत तिनं दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले होते आणि ती त्यांच्याकडेच बघत होती.

जानेवारीत प्रत्येक टीमनं नवी यादी द्यायची असते. यादीत जो नसेल त्यानं हवं तर दुसऱ्या टीमकडून खेळावं, अशीही मुभा असते. त्याच सुमारास शिंदे नावाचे एक उंचेपुरे इंजिनीअर मंगफला नवे आले होते. ते मारतील तर चेंडू पार्किंगच्या भिंतीपलीकडे. काळ्यांचं म्हणणं, शिंदेंना मैदानाच्या टोकाला ठेवू, दुसऱ्या बेसवर मी स्वतः येतो, वहिनींना विश्रांती देऊ. त्यासाठी गुरुवारी संध्याकाळी काळ्यांच्या फ्लॅटवर समितीची बैठक झाली. आम्ही पाच जण. मनीषाही आली होती, काळेवहिनींबरोबर आत स्वयंपाकघरात धपाटे भाजत होती. दार उघडं होतं. भाजलेल्या पिठाचा आणि कोथिंबिरीचा वास बैठकीत येत होता.

मतं पडली. काळे आणि आणखी एक जण शिंदेंच्या बाजूनं. दिलावरभाई आणि एक जण मनीषाच्या बाजूनं. राहिलो मी.

आता इथे मराठी मध्यमवर्गीय माणूस काय करतो ते सांगितलं पाहिजे. आपल्या मुलाला आपल्याच वर्गात दोन मार्क कमी देणारे मास्तर मी पाहिलेत. स्वतःच्या भावाचा अर्ज सगळ्यांत खाली ठेवणारे कारकून पाहिलेत. घरच्याला पुढे केलं असं कुणी म्हणू नये म्हणून घरच्याचा पाय ओढायचा, आणि त्याला सचोटी म्हणायचं. माझ्या डोळ्यांसमोर स्कोअरबुकातलं ते पान होतं. सगळ्यांत जास्त वेळा बेस गाठणारं नाव कुणाचं, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी मी घसा खाकरला आणि म्हणालो, "माझ्या घरचं माणूस आहे, म्हणून मी शिंदेंना मत देतो."

काळेसाहेबांनी माझा हात हातात घेतला. याला म्हणतात निःपक्षपातीपणा, असं काहीतरी म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दिलावरभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. तेवढ्यात मनीषा धपाट्यांचं ताट घेऊन बाहेर आली, सगळ्यांना वाढलं, मलाही वाढलं, शेंगदाण्याची चटणी जरा जास्तच घातली कारण मला ती आवडते.

फहाहीलच्या हायवेवरून रिग्गईला परतताना ईरा मागे झोपली होती. मी न्याय, तत्त्व, मंडळाची शिस्त असं बरंच काही बोलत होतो. मनीषानं बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही गप्प बसला असतात तरी चाललं असतं की."

रोवेना आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. हॉस्पिटलात नर्स, फिलिपिनो टीमची कप्तान, आणि बोलायला अतिशय मोकळी. तिची दुसऱ्या बेसवरची मुलगी सुट्टीवर मनिलाला गेली ती परतलीच नव्हती. लिफ्टमध्ये तिनं मनीषाला विचारलं, आणि लिफ्ट तळमजल्याला पोचायच्या आत मनीषा हो म्हणाली. मला हे कळलं शुक्रवारी सकाळी, ती पिवळी जर्सी घालून बाहेर पडली तेव्हा. कुठे, असं विचारल्यावर खेळायला, असं उत्तर मिळालं.

त्यानंतरचे काही आठवडे सकाळी ऑफिसच्या बसला उभा राहिलो की मला खाली पार्किंगमध्ये एक विचित्र दृश्य दिसायचं. मनीषा घडी घातलेल्या पायपुसण्यावर एक पाय रोवून उभी, नजर वर. समोर रोवेना, रात्रपाळी संपवून आलेली, तरी हातात टेनिसचा चेंडू. ती चेंडू उंच उडवायची आणि स्वतःच झेलायची. चेंडू हवेत असताना मनीषाचं सगळं अंग पुढे झुकायचं, पाय मात्र पायपुसण्यावरच. "सिस्टर, यू वेट," रोवेना म्हणायची. झेल पूर्ण झाला की मनीषा सुटायची. खालच्या बकाल्यातला दुकानदार दही आणायला आलेल्या गिऱ्हाइकाला थांबवून बघत उभा असायचा. माघारी फिरणं जमत नाही ना, मग आधी थांबणं शिकू, असा त्या दोघींचा तोडगा होता. तो मला सामन्याच्या दिवशी कळला. तोवर मला वाटत होतं की हा कसलातरी व्यायाम आहे.

हंगामाचा शेवटचा सामना मार्चच्या पहिल्या शुक्रवारी. आमची टीम विरुद्ध रोवेनाची टीम. हवेत उष्मा परत यायला लागला होता, वाळवंटातले हिवाळी मुक्कामाचे तंबू उठत होते, वाळू लवकर सुकत होती. मी स्कोअरबुक उघडलं. डाव्या पानावर आमची नावं, उजव्या पानावर त्यांची. उजव्या पानावर मी स्वतःच्या हातानं मनीषाचं नाव लिहिलं, समोरच्या टीममध्ये. ईरा माझ्याजवळ न बसता पलीकडे, पिवळ्या जर्सीवाल्यांच्या चटईवर जाऊन बसली. बाबा, यू आर द एनिमी, असं जाताना हसत म्हणाली.

शिंदे त्या दिवशी चांगले खेळले, हे नमूद केलं पाहिजे. दोनदा त्यांनी भिंतीपलीकडे मारलं. मनीषा तिच्या पद्धतीनं, एकेक छोटा चेंडू वाळूत टाकत, बेस गाठत राहिली. दिलावरभाईंनी तिला टाकताना जराही सूट दिली नाही, आणि तिनंही त्यांच्या चेंडूला तितक्याच मानानं बॅट लावली. शेवटच्या डावात सहा-सहा अशी बरोबरी होती. आमची बॅटिंग संपली होती, त्यांचा एक गडी बाद झालेला. मनीषानं पुन्हा तसाच एक नाजूक मारला, पहिली बेस गाठली, पुढच्या चेंडूवर धावून दुसरीही घेतली. दुसऱ्या बेसवर आता दोघं जण होते, काळेसाहेब राखायला आणि मनीषा धावायला. एके काळी तिची असलेली जागा त्यांच्याकडे होती.

रोवेनानं मारलं. चेंडू उंच गेला, खूप उंच, आणि मैदानाच्या टोकाला शिंदेंच्या दिशेनं उतरायला लागला. मला माहीत होतं आता काय होणार. काळ्यांनाही माहीत होतं. डिसेंबरचा तो सामना आम्ही दोघांनीही पाहिला होता. शिंदेंनी झेल घेतला आणि काळे गळा ताणून ओरडले, दुसरीवर, माझ्याकडे टाका. शिंदेंनी टाकला, सरळ, जोरात. काळ्यांनी घेतला, बेसवर पाय आपटला, आणि दोन्ही हात वर करून पंचांकडे वळले.

मनीषा गेलेलीच नव्हती. चेंडू हवेत असताना तिचा पाय रबरी पट्ट्यावर होता, झेल पूर्ण झाला तेव्हा ती सुटली, आणि काळे बाद, बाद म्हणत होते तेव्हा ती तिसऱ्या बेसच्या वळणावर होती. पंचांनी हात आडवे केले, म्हणजे बाद नाही. काळे वाद घालायला दोन पावलं पुढे गेले, चेंडू अजून त्यांच्याच ग्लोव्हमध्ये. ती तिसऱ्यावर थांबली नाही. दिलावरभाई ओरडत होते, साहेब, घरी टाका, घरी. काळ्यांना उमगलं तोवर ती सगळं अंग झोकून शेवटच्या पट्ट्यावरून गेली होती, आणि धूळ तिच्या मागून येत होती.

मी उभा होतो. पेन्सिल कुठे पडली होती ठाऊक नाही. मी ओरडत होतो, पळ मनू, पळ मनू, ती पोचल्यावरसुद्धा. आमच्या टीमचे सगळे माझ्याकडे बघत होते. मनू हे नाव मी लग्नानंतर पहिल्या वर्षी घेतलं असेल, नंतर ते कधी विरलं ते आठवत नाही. पलीकडच्या चटईवर ईरा शेजारच्या मुलीला सांगत होती, दॅट्स माय मॉम, सेकंड बेस. मला त्या क्षणी जो अभिमान वाटला तसा स्वतःच्या कुठल्याही प्रमोशनला वाटला नव्हता. आणि त्याच अभिमानात एक ठसठस होती, कारण ती ज्या पानावर जिंकली होती ते पान आमचं नव्हतं, माझ्यामुळे नव्हतं.

त्या गोष्टीला आता दुसरा हिवाळा लागला. मधल्या काळात ती आणखी एक हंगाम पिवळ्या जर्सीत खेळली. कुवेतच्या शुक्रवारच्या बेसबॉलची बखर लिहायची कुणाला बुद्धी झालीच, तर तिच्या कारकिर्दीला दोन ओळी मिळतील. एक्केचाळिसाव्या वर्षी आली, छोटे मारायची, फार वेगानं पळायची. मला त्या दोन ओळी पुरेशा वाटतात. परदेशात आम्ही सगळेच लांब मारायला आलो होतो, मोठा पगार, मोठं घर, मोठी गाडी. बहुतेकांचे चेंडू वाळूतच रुतले. ती पहिल्या दिवसापासून वाळूकडे बघून खेळली.

एसी बंद झाला त्याच दिवशी दुपारी काळेसाहेबांचा फोन आला. शिंदेंची बदली झालीय, आपली टीम खिळखिळी आहे, वहिनींना परत यायला सांग. मग आवाज उतरवून म्हणाले की चूक झाली होती आपली. त्यांनी आपली म्हटलं, हा त्यांचा मोठेपणा. मी निरोप घेऊन हॉलमध्ये आलो. मनीषा ग्लोव्हला खोबरेल तेल चोळत बसली होती. मी सगळं सांगितलं, अगदी निःपक्षपातीपणे, माझं काहीही न मिसळता. तिनं तेलाची बोटं फडक्याला पुसली.

"तुमचं मत काय?"

मी घसा खाकरला नाही. म्हणालो, "तू रोवेनाकडूनच खेळ. तिथं तुला कुणी मागितलं होतं. आमच्याकडे तुला मी काढलं होतं, खेळात तू सगळ्यांत चांगली आहेस हे माहीत असताना काढलं होतं."

"हे तेव्हा म्हणायचं होतं," ती म्हणाली. मी हो म्हणालो.

ती उठली, ग्लोव्ह उन्हात ठेवायला खिडकीकडे गेली, आणि पाठमोरीच बोलली, "शुक्रवारी सहाला उठा मग. आमच्याकडे स्कोअर लिहायला माणूस नाही."

मी संध्याकाळी काळेसाहेबांना कळवलं की ती येणार नाही आणि मीही येणार नाही. त्यांनी कारण विचारलं. माझ्या घरचं माणूस तिकडे आहे म्हणून, असं मी सांगितलं, आणि ते सांगताना मला जराही लाज वाटली नाही.